भाषा येते म्हणजे काय येते? – द्वितीय भाषेच्या परीक्षेविषयी

(हीरक महोत्सवी वर्षातील शिक्षक-पालक सभेत दिलेले भाषण)



महाराष्ट्र राज्य मंडळाच्या दहावीच्या परीक्षेचा निकाल मार्च २०१८ मध्ये ८९.४१ टक्के लागला होता. मार्च २०१९ मध्ये तो ७७.१० टक्क्यांवर उतरला. त्या वर्षी अभ्यासक्रम नवा होता, प्रश्नांचे स्वरूपही बदलले होते, हे खरे. परंतु सर्वाधिक चर्चा झाली ती एका गोष्टीची. भाषा आणि सामाजिक शास्त्रे या विषयांतील तोंडी व अंतर्गत मूल्यमापनाचे वीस गुण त्या वर्षी काढून टाकण्यात आले होते आणि शंभरही गुणांची परीक्षा लेखी झाली होती. अकरावीच्या प्रवेशात इतर मंडळांची मुले पुढे जातील, अशी पालकांची तक्रार होती आणि ती निराधार नव्हती. काही महिन्यांतच ते वीस गुण परत आणण्याचा निर्णय झाला. २०२० चा निकाल ९५.३० टक्के लागला. त्या वर्षी टाळेबंदीमुळे भूगोलाचा पेपर रद्द होऊन गुण सरासरीने द्यावे लागले होते, तेही ध्यानात घेतले पाहिजे.

गुण गेले, गुण आले. त्या गदारोळात ‘मुलांचे नुकसान’ हा शब्दप्रयोग वारंवार झाला. मात्र त्या वीस गुणांसाठी मूल नेमके काय बोलत होते, ते कोण ऐकत होते आणि ऐकणारा कोणत्या मापाने गुण देत होता, हा प्रश्न फारसा कोणी विचारला नाही. भाषेच्या तोंडी परीक्षेचे गुण बहुतेकांना बहुतेक सर्व मिळतात, हे प्रत्येक शिक्षकाला ठाऊक असते. जे सर्वांना मिळते त्यातून कोणाविषयीच काही कळत नाही. आजचे विवेचन या न विचारलेल्या प्रश्नाविषयी आहे.

रायपूरला बसून हे प्रकरण पाहिले की त्याचा आणखी एक पदर उलगडतो. पुण्यातील वा साताऱ्यातील मुलाची तोंडी परीक्षा नाममात्र झाली, तरी त्याचे बोलणे ऐकणारे सारे गाव बाहेर असते. वाणी, बसवाहक, शेजारीण, सगळे त्याच्या नकळत त्याची मराठी घासूनपुसून घेत असतात. रायपूरच्या मुलाला ही सोय नाही. घरात आजी मराठी बोलते. आई-वडील अर्धी मराठी, अर्धी हिंदी. गोल बाजारात हिंदी. कामाला येणाऱ्या बाई छत्तीसगढी. आणि भावंडे आपसात खेळताना बहुधा हिंदीच. अशा मुलाचे बोलणे शाळेने ऐकले नाही, तर ते ऐकायला दुसरे फारसे कोणी उरत नाही.

या भूमीत मराठी माणूस आजचा नाही. अठराव्या शतकाच्या मध्यापासून १८५४ पर्यंत छत्तीसगढवर नागपूरकर भोसल्यांची सत्ता होती, आणि १९५६ पर्यंत या प्रदेशाची राजधानी नागपूर होती. दोन भाषांत वावरणे येथील मराठी घरांच्या अंगवळणी पडलेले आहे. १८७१ साली दमोहजवळच्या पथरियात जन्मलेले आणि पुढे रायपूरचे झालेले माधवराव सप्रे यांनी १९०० साली पेंड्र्याहून ‘छत्तीसगढ़ मित्र’ हे हिंदी मासिक काढले आणि ‘दासबोध’ व ‘गीतारहस्य’ हिंदीत नेले. १९५८ पासून राजनांदगावच्या दिग्विजय महाविद्यालयात शिकवणारे गजानन माधव मुक्तिबोध मराठी घरातलेच. एक भाऊ हिंदीचा थोर कवी, तर दुसरा, शरच्चंद्र मुक्तिबोध, मराठीचा. या मंडळींची द्वितीय भाषा हिंदी होती आणि पहिली पक्की होती. आज येथील तिसऱ्या-चौथ्या पिढीत बाण उलटा फिरला आहे. प्रवेश-अर्जावर ‘मातृभाषा’ या रकान्यात मराठी लिहिलेले असते, पण मुलाच्या तोंडी आधी येते ती हिंदी. मराठी त्याला समजते पुष्कळ, बोलता येते त्याहून कमी आणि लिहिता येते त्याहूनही कमी. अशा भाषेला भाषावैज्ञानिक वारसा-भाषा म्हणतात. ती परक्या भाषेसारखी शून्यापासून शिकलेली नसते आणि मातृभाषेसारखी सर्वांगाने वाढलेलीही नसते. या मुलापुढे महाराष्ट्रातील प्रथम भाषेची प्रश्नपत्रिका ठेवली जाते. शिवाय याच वर्गात छत्तीसगढी घरातून आलेले मूलही बसलेले असू शकते. त्याच्यासाठी मराठी तिसरी भाषा.

आता परीक्षेने नेमके काय शोधायचे, ते उदाहरणांनी पाहू.

मराठीत ‘आपण’ आणि ‘आम्ही’ यांत भेद आहे; हिंदीतील ‘हम’ला तो नाही. वर्गात एक साधा प्रश्न देता येईल. ताई फोनवर मैत्रिणीला म्हणाली, “आम्ही उद्या राजिमला जाणार आहोत.” मैत्रीण जाणार आहे की नाही? ज्याच्या कानात मराठी मुरली आहे ते मूल क्षणात ‘नाही’ म्हणेल. हिंदीतून मराठीकडे आलेले मूल थबकेल, किंवा आत्मविश्वासाने ‘हो’ म्हणेल. या प्रश्नात व्याकरणाची एकही संज्ञा नाही, पाठ करण्यासारखे काही नाही, आणि तरीही तो भाषेच्या गाभ्याला हात घालतो. याउलट ‘सर्वनामाचे प्रकार लिहा’ हा प्रश्न पाठांतराने सुटतो आणि ‘आपण’ कोठे वापरायचे, हे न कळणाऱ्यालाही पूर्ण गुण मिळवून देतो. हेच मूल आजोबांना “आपण कुठे जाता?” असे विचारते, कारण त्याच्या मनात हिंदीतील ‘आप’ असतो. घरात कोणी हसते, कोणी हसत नाही. परीक्षेत मात्र ही गोष्ट कधी येतच नाही.

उच्चारांचेही तसेच. ‘वेळ’ आणि ‘वेल’, ‘काळ’ आणि ‘काल’ यांतला ‘ळ’ प्रमाण हिंदीत नाही. ‘च’ आणि ‘ज’ यांचे मराठीत दोन-दोन उच्चार आहेत आणि लिपी ते दाखवीत नाही. ‘जरा’ म्हणजे थोडेसे आणि ‘जरा’ म्हणजे वार्धक्य, हा फरक केवळ कानाला कळतो. लेखी परीक्षा शंभर टक्के निर्दोष काढली तरी ‘चूल’ आणि ‘चहा’ यांचा ‘च’ मुलाच्या तोंडी एकच आहे की दोन, हे तिला कधीच समजणार नाही.

सामान्यरूप हा मराठीचा आणखी एक बारीक धागा. विहीर, पण विहिरीत. कापूस, पण कापसाचा. मूल, पण मुलाला. हिंदीच्या सवयीचे मूल ‘विहीरमध्ये’ म्हणून मोकळे होते. अर्थ पोहोचतो, म्हणून घरी कोणी अडवीत नाही. लिंगाचे पाहा: ‘पुस्तक’ मराठीत नपुंसकलिंगी, हिंदीत स्त्रीलिंगी, ‘आत्मा’, ‘अग्नी’, ‘विजय’ मराठीत पुल्लिंगी, हिंदीत स्त्रीलिंगी. आणि सर्वांत फसवे ते सारखे दिसणारे शब्द. मराठीत ‘शिक्षा’ झाली की मूल रडते. हिंदीत ‘शिक्षा’ मिळाली की पालक आनंदतात. मराठीतली ‘चेष्टा’ म्हणजे थट्टा, हिंदीतली म्हणजे प्रयत्न. ‘संसार’, ‘यात्रा’, ‘अभ्यास’, ‘ताई’, ही यादी लांबवता येईल. लिपी एक असल्याने येथे वाचनाचा अडथळा नसतो, आणि म्हणूनच मुलाला आपण चुकत आहोत याची शंकासुद्धा येत नाही. रायपूरसाठी मराठीची वा हिंदीची द्वितीय भाषा म्हणून परीक्षा रचायची असेल, तर आधी अशा जागांचा नकाशा हवा. बी.एड.ला ज्याला संविधान तक्ता म्हणतात, तो धड्यांची नावे आणि गुणांची बेरीज मांडून पूर्ण होत नाही. कोणती क्षमता, कोणत्या मुलात, कशासाठी तपासायची, हे त्यात प्रथम लिहायचे असते.

द्वितीय भाषेच्या परीक्षेचे शास्त्र फार जुने नाही. केंब्रिजने परभाषिकांसाठी इंग्रजीच्या प्रावीण्याची परीक्षा १९१३ साली प्रथम घेतली, तेव्हा परीक्षार्थी तीन होते, परीक्षा सुमारे बारा तासांची होती आणि तिघेही अनुत्तीर्ण झाले. तिच्यात भाषांतर होते, निबंध होता, व्याकरण होते, ध्वनिशास्त्र होते आणि तोंडी परीक्षाही होती. म्हणजे तोंडी परीक्षा ही काही कालपरवाची सूचना नाही. पुढे अमेरिकेत रॉबर्ट लाडो यांनी १९६१ मध्ये भाषेचे सुटे सुटे घटक – एकेक ध्वनी, एकेक प्रत्यय – वेगवेगळे तपासण्याची पद्धत मांडली. ‘वेळ-वेल’सारखे प्रश्न त्या परंपरेतले. त्याच वर्षी जॉन कॅरल यांनी आक्षेप घेतला, की घटक वेगळे येणे आणि बोलताना-वाचताना ते एकदम वापरता येणे या दोन गोष्टी आहेत. हा वाद आजही मिटलेला नाही आणि मिटण्याची गरजही नाही. वर्गात उणीव शोधायची असेल तेव्हा लाडोंचे ऐकावे. मूल वर चढवायचे की नाही हे ठरवायचे असेल तेव्हा कॅरल यांचे.

मधल्या काळात एक युक्ती फार लोकप्रिय झाली. विल्सन टेलर यांनी १९५३ मध्ये उताऱ्यातील ठरावीक अंतरावरचा शब्द – दर पाचवा, दर सातवा – गाळून तो भरायला सांगण्याची पद्धत शोधली. तिला क्लोज चाचणी म्हणतात. ती सोपी, स्वस्त आणि बऱ्यापैकी विश्वसनीय. जॉन ऑलर यांनी तर सत्तरच्या दशकात असा दावा केला, की भाषेची सारी क्षमता मुळात एकसंध आहे आणि अशी एकच चाचणी तिचा अंदाज देऊ शकते. पुढच्या संशोधनात हा दावा टिकला नाही, आणि तो मोठा होता हे ऑलर यांनीच १९८३ मध्ये मान्य केले. ते घडले नसते, तर बोलण्याची परीक्षा घेण्याचे कष्ट वाचले असते. पण भाषा अशी सोयीने वागत नाही.

मराठीत क्लोज चाचणी करू पाहणाऱ्या शिक्षकाने एक गोष्ट विसरू नये. “शेतकरी सकाळी बैलांना घेऊन शेतावर गेला” या मराठी वाक्यात सहा शब्द आहेत. “किसान सुबह बैलों को लेकर खेत पर गया” या हिंदी वाक्यात आठ. मराठीत प्रत्यय शब्दाला चिकटून येतो. हिंदीत तो बहुधा सुटा राहतो. हिंदी उताऱ्यात ‘को’ किंवा ‘पर’ एवढेच गळू शकते आणि तो मूल सहज भरते. मराठीत ‘शेतावर’ गळले की नाम गेले, त्याचे सामान्यरूप गेले आणि संबंधही गेला. दर सातवा शब्द गाळण्याचा एकच नियम दोन्ही भाषांना लावून ‘मुलांची हिंदी मराठीपेक्षा चांगली आहे’ असा निष्कर्ष काढला, तर तो निष्कर्ष मुलांविषयीचा नसून दोन भाषांच्या लेखनपद्धतीविषयीचा असेल. शिवाय मूळ शब्दच हवा, की अर्थाला धरून येणारा कोणताही शब्द चालेल, हे आधी ठरवावे लागते. ‘शेतावर’च्या जागी मुलाने ‘रानात’ लिहिले तर? ज्याने लिहिले त्याची मराठी अधिक जिवंत आहे, हे उघड आहे. आणि उत्तरसूचीला चिकटून बसणारा परीक्षक नेमके त्याचेच गुण कापील.

परीक्षकाचा विषय निघालाच आहे. इंग्लंडमध्ये हार्टॉग आणि ऱ्होड्स यांनी १९३५ साली प्रसिद्ध केलेला प्रयोग शिक्षकांच्या प्रत्येक पिढीने वाचावा असा आहे. इतिहासाच्या पंधरा उत्तरपत्रिका चौदा परीक्षकांनी तपासल्या आणि वर्ष-दीड वर्षानंतर, जुने गुण समोर न ठेवता, पुन्हा तपासल्या. २१० निकालांपैकी ९२ निकाल बदलले. परीक्षक तेच, कागद तोच. निबंधाची ही गत, तर दोन मिनिटांत ऐकून विसरल्या जाणाऱ्या बोलण्याची काय असेल? येथेच अनेकजण थांबतात आणि म्हणतात, की तोंडी परीक्षा विश्वसनीय होऊच शकत नाही, मग ती हवी कशाला. हा युक्तिवाद सोयीचा आहे, बरोबर नाही. विश्वसनीयता वाढवण्याचे उपाय आहेत आणि त्यांकडे थोड्या वेळाने वळू. सप्रमाणता मात्र वेगळी गोष्ट आहे. जे मोजायचे तेच मोजले गेले की नाही, हा तो प्रश्न. घरातला वजनकाटा दर वेळी तेच वजन दाखवीत असेल, तरी त्यावर मुलाची उंची मोजता येत नाही. सॅम्युएल मेसिक यांनी १९८९ मध्ये या विचाराला पुढचे वळण दिले: गुणांचा जो अर्थ लावला जातो आणि त्यावरून मुलाबाबत जो निर्णय घेतला जातो, त्याला आधार आहे का, हे तपासणे म्हणजे सप्रमाणता तपासणे. मराठीत नव्वद गुण मिळालेली मुलगी आजीशी पाच वाक्ये सलग बोलू शकत नसेल, तर त्या नव्वदचा अर्थ काय लावायचा?

उलट बाजूही आहे, आणि ती अधिक दुखरी आहे. घरी उत्तम मराठी बोलणारा मुलगा ऱ्हस्व-दीर्घात आणि निबंधात मार खातो. निबंधाचे विषय पाहावेत: पंढरीची वारी, गडावरची सहल, कोकणातला पहिला पाऊस. ज्याने दिंडी पाहिली नाही, गड चढला नाही, समुद्र पाहिला नाही, त्याची येथे मराठी तपासली जाते की महाराष्ट्राचा परिचय? इलिनॉय विद्यापीठात मार्गारेट स्टेफनसन, चित्रा जोगदेव आणि रिचर्ड अँडरसन यांनी १९७९ मध्ये एक सुंदर अभ्यास प्रसिद्ध केला. भारतीय आणि अमेरिकन वाचकांना दोन पत्रे वाचायला दिली. एकात भारतीय लग्नाचे वर्णन, दुसऱ्यात अमेरिकन लग्नाचे. प्रत्येक गटाने आपल्याकडच्या लग्नाचे पत्र अधिक जलद वाचले, त्यातले अधिक लक्षात ठेवले. परक्या लग्नाच्या पत्रात मात्र जे लिहिलेच नव्हते ते आपल्या समजुतीप्रमाणे भरले. भाषा दोन्ही पत्रांची इंग्रजीच होती. रायपूरच्या मुलाला मराठीत लिहायला छेरछेरा द्यावा, हरेली द्यावी, राजिमची जत्रा, खारून नदी, बूढा तालाब द्यावा. पोळ्याला मातीचे बैल येथेही असतात, फक्त नाव ‘पोरा’ आहे. विषय ओळखीचा असला म्हणजे जे काही अडेल ते भाषेपाशी अडेल, आणि परीक्षेला तेवढेच पाहायचे आहे.

मराठी माध्यमाच्या शाळेत हा दोष भाषेच्या पेपरपुरता राहत नाही. विज्ञानात ‘बाष्पीभवन’ न समजलेले मूल आणि बाष्पीभवन समजूनही मराठीत वाक्य न जमलेले मूल, दोघांनाही सारखेच शून्य मिळते.

परीक्षा बदलली की शिकवणे आपोआप सुधारेल, अशीही एक भाबडी आशा असते. त्याविषयी आपल्या शेजारी देशाचा अनुभव सांगण्यासारखा आहे. श्रीलंकेत दहावीच्या तोडीच्या इंग्रजी परीक्षेत नवे प्रश्नप्रकार आणण्यात आले. चार्ल्स ऑल्डरसन आणि डायान वॉल यांनी वर्गांत बसून त्याचा परिणाम अभ्यासला. शिक्षक काय शिकवतात ते बदलले होते. कसे शिकवतात ते बदलले नव्हते. नवे उतारे आले, पण जुन्याच रीतीने घोटून घेतले गेले. आपल्याकडे ‘तोंडी परीक्षा सुरू’ असे परिपत्रक काढले, तर दुसऱ्या दिवशी बाजारात ‘तोंडी परीक्षेची संभाव्य उत्तरे’ मिळू लागतील, हे सांगायला संशोधन लागत नाही.

दक्षिण भारतातला दुसरा अनुभव परीक्षेच्या रचनेसाठी महत्त्वाचा आहे. १९७९ ते १९८४ या काळात एन. एस. प्रभू यांनी बंगळूर प्रकल्पात व्याकरण न शिकवता, मुलांना विचार करायला लावणारी कामे देऊन इंग्रजी शिकवण्याचा प्रयोग केला. त्याचे मूल्यमापन करण्यास बेरेटा आणि डेव्हिस आले, तेव्हा पहिली अडचण हीच निघाली: चाचणी कोणती द्यायची? रचनेची चाचणी दिली तर जुन्या रीतीने शिकलेली मुले पुढे. कृतीची दिली तर प्रकल्पातली. त्यांनी दोन्ही दिल्या आणि दोन्हींकडे न झुकणाऱ्या आणखी काही दिल्या, आणि साधारण तसेच घडले. ज्याला जसे शिकवले, तो तशा चाचणीत वर आला. तेव्हा मुले ‘कच्ची’ आहेत असे म्हणण्यापूर्वी, चाचणी कोणाच्या बाजूने झुकलेली आहे, हे विचारावे.

महाराष्ट्रातही आता हा प्रश्न दारात आला आहे. २०२० च्या कायद्याने सर्व मंडळांच्या शाळांत मराठी सक्तीची झाली. तीत घरी गुजराती, तमीळ, हिंदी बोलणारी मुले आली, आणि २०२३ मध्ये काही काळापुरते मराठीचे मूल्यमापन केवळ श्रेणीवर ठेवण्याचा निर्णय घ्यावा लागला. प्रथम भाषेच्या आणि द्वितीय भाषेच्या मराठीला एकच फूटपट्टी लावता येत नाही, हे त्यातून स्पष्ट झाले. मराठी मातृभाषा नसलेल्या शासकीय कर्मचाऱ्यांसाठी भाषा संचालनालयाच्या एतदर्थ मंडळाची मराठी परीक्षा आहेच. पुण्याचे पश्चिम विभागीय भाषा केंद्र परप्रांतीय शिक्षकांना मराठी द्वितीय भाषा म्हणून शिकवते. प्रौढांसाठी जो विचार झाला, तो महाराष्ट्राबाहेरच्या मराठी मुलांसाठी व्हायला हवा होता. तो तेथे बसून कोणी करील, अशी वाट पाहण्यात अर्थ नाही.

मग शाळेच्या पातळीवर काय शक्य आहे? तोंडी परीक्षेपासून आरंभ करावा. पाठ कविता म्हणणे, स्वतःचे नाव-गाव सांगणे, ही बोलण्याची परीक्षा नव्हे. ती धीटपणाची परीक्षा आहे. दोन मुलांना दोन चित्रे द्यावीत, थोडा थोडा फरक असलेली. एकमेकांचे चित्र पाहायचे नाही. केवळ बोलून पाच फरक शोधायचे. “तुझ्या चित्रात विहिरीवर कोणी आहे का?” हा प्रश्न मुलाला विचारावाच लागतो, आणि त्यात सामान्यरूप आपोआप येते. जोडी मात्र जपून लावावी. बोलक्या मुलाशेजारी लाजरे मूल गप्प बसते आणि परीक्षकाला वाटते त्याला येत नाही.

गुणदानासाठी पाच पायऱ्यांची पदनिश्चयन श्रेणी पुरे. प्रत्येक पायरीवर ‘उत्तम’, ‘साधारण’ असे विशेषण न लिहिता मूल काय करते ते लिहावे: अडले तर मराठीतच वळसा घेऊन सांगते, अडले तर हिंदी शब्द घालून पुढे जाते, अडले तर थांबते. दोन शिक्षकांनी स्वतंत्रपणे गुण द्यावेत, एकमेकांचा कागद न पाहता, आणि नंतरच चर्चा करावी. एकाहून अधिक पायऱ्यांचा फरक पडला तर तिसऱ्या कोणी ऐकावे. असे दोन-तीन वर्षे केले की शिक्षकांचे कान जुळू लागतात.

“बाजारातून सब्जी आणली” असे मुलगी म्हणाली, तर गुण कापावेत का? आकलन तपासत असाल तर मुळीच नाही. शब्दसंपत्ती तपासत असाल तर कापावेत, पण एकाच रकान्यात. एकाच ‘सब्जी’साठी ओघ, शब्द आणि शुद्धता अशा तीन ठिकाणी मुलीला दंड होऊ नये. आणि “बाबा काम करून राहिले आहेत” हे वाक्य तर चूकच धरू नये. ती नागपूरकडची मराठी आहे, येथील कित्येक घरांत आजोबांपासून चालत आलेली. लेखी परीक्षेत प्रमाणभाषा मागावी, तोंडीत घरची मराठी ऐकून घ्यावी. पुण्याच्या परीक्षकाला ती अशुद्ध वाटेल. म्हणून तर परीक्षक येथला हवा.

लेखी प्रश्नांची पारखही फार अवघड नाही. समजा, चाळीस मुलांचा वर्ग आहे. एकूण गुणांत वरची अकरा आणि खालची अकरा मुले घ्यावीत. एखादा प्रश्न वरच्या अकरांपैकी दहांनी आणि खालच्या अकरांपैकी नऊ जणांनी बरोबर सोडवला, तर त्याची भेदनक्षमता एक भागिले अकरा, म्हणजे ०.०९ आहे. तो प्रश्न सोपा असेल, पण जाणणारा आणि न जाणणारा यांत त्याने काही फरक केला नाही. खालच्या मुलांनीच अधिक बरोबर सोडवलेला प्रश्न आढळला, तर मुलांना दोष देण्यापूर्वी प्रश्न पुन्हा वाचावा. बहुधा त्यात ‘शिक्षा’ किंवा ‘चेष्टा’ दबा धरून बसलेली असते. एका कागदावर, एका तासात होणारे हे काम आहे. वर्षाला प्रत्येक इयत्तेचे वीस चांगले प्रश्न असे पारखून ठेवले, तर पाच वर्षांत शंभर होतात, आणि ते या गावच्या मुलांवर तपासलेले असतात.

तोंडी परीक्षेचे ध्वनिमुद्रण शिक्षकाच्या साध्या फोनवरही होते. पालकांची लेखी संमती घेऊन दर वर्षी पाचवीच्या आठ-दहा मुलांचे मुद्रण नाव न लिहिता, केवळ क्रमांक घालून जपून ठेवावे. नव्याने आलेल्या शिक्षकाने आपले गुणदान सुरू करण्यापूर्वी जुन्या वर्षातली चार मुद्रणे ऐकून, गुण देऊन, ते आधीच्या गुणांशी ताडून पाहावेत. म्हणजे यंदाची तिसरी पायरी आणि पाच वर्षांपूर्वीची तिसरी पायरी एकच राहते. ऐकण्याच्या परीक्षेसाठी लागणारे आवाजही येथूनच मिळतील: नागपुरी बोलणारे आजोबा, इंदूरहून आलेली सून, पुण्यात शिकून परतलेला माजी विद्यार्थी. आज या सभागृहात बसलेल्या ज्येष्ठांपैकी ज्यांना लहानपणीचे रायपूर मराठीतून दहा मिनिटे सांगता येईल, त्यांनी कार्यक्रमानंतर कार्यालयात आपले नाव नोंदवावे. पहिले मुद्रण येत्या शनिवारी दुपारच्या सुट्टीनंतर, ग्रंथालयात, पंखे बंद ठेवून करायचे आहे.